झाडावर बसायचे कपडे

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी डमडममधल्या एका सोसायटीच्या मागच्या बागेत, तळ्याच्या काठाला, कामिनीच्या झुडपाला शिंक आली.

झुडपासमोरच्या बाकावर तेव्हा चौघे बसले होते. तिघे उठून पळाले. चौथे सौरभ बागची, वय अडुसष्ट, भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना गुडघ्यांमुळे पळता येत नाही. त्यांनी बसल्या जागेवरून झुडपाला कोण आहे म्हणून विचारलं. झुडपाने हिंदीत सांगितलं की मी आहे, तुमच्या समोरच्या फ्लॅटमधला. तोवर वॉचमनने शिट्टी फुंकली होती. सात वाजेपर्यंत बागेत पस्तीस-चाळीस माणसं जमली आणि सव्वासातला पोलीस आले. फोन कुणी केला हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

झुडपातून निघालेले गृहस्थ दत्तात्रय उपासनी, वय त्रेपन्न, मूळचे नाशिकचे, एका सरकारी बँकेत चीफ मॅनेजर. बदलीवर कलकत्त्यात येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. अंगात फर्नची पानं छापलेल्या जाड कापडाचा सदरा आणि विजार, डोक्याला तपकिरी मंकी कॅप, तिच्यावर भडक नारिंगी टोपी. इथे काय करत होता, असं फौजदारांनी विचारलं. उपासनी म्हणाले, "कपडे तपासत होतो."

हे उत्तर शंभर टक्के खरं होतं. पण खऱ्या उत्तराला जो एक शहाणा चेहरा लागतो तो मंकी कॅपच्या आत होता.

या प्रकरणाचं मूळ खंडेनवमीत आहे. उपासनींची मुलगी ऋता चार वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनला असते. तिने तिथल्या नेथन लिंडक्विस्ट नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं होतं. मुलगा शांत, सहा फूट दोन इंच आणि पुरणपोळी दुसऱ्यांदा मागून घेणारा, त्यामुळे हरकतीला जागा नव्हती. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर नेथनचे वडील वॉल्टर यांची पहिल्यांदा ओळख झाली. मागे पाटावर मांडलेली पूजा बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. उपासनींनी इंग्रजीत सांगितलं की आज आम्ही शस्त्रांची पूजा करतो, आमच्या घराण्यात ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

शब्दाला शब्द लावला तर यात काहीच खोटं नव्हतं. पाटावर विळी, कातरी, दोन पेचकस, पक्कड आणि बँकेचं स्टेपलर होतं. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूचं एकेक फूल. पण तिकडे मोबाइल ऋताच्या हातात लांब धरलेला होता आणि वॉल्टर यांना फक्त पातं चमकताना दिसलं. ते अतिशय आदराने म्हणाले की मीही चाळीस वर्षं धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो.

चार दिवसांनी त्यांची ईमेल आली. नोव्हेंबरमध्ये साखरपुड्यासाठी तुम्ही येणारच आहात, तेव्हा एक दिवस माझ्याबरोबर रानात चला. नेम मी धरीन, तुम्ही शेजारी बसा. माझ्या ओकच्या झाडावर दोघांचं मचाण आहे. एक मोठा सांबरासारखा नर गेली तीन वर्षं मला हुलकावणी देतोय.

उपासनींना शिकारीचं सोडा, मटणाच्या दुकानासमोरून जायचं असलं तरी ते रस्ता ओलांडतात. त्यांनी नम्र नकाराचा मसुदा तयार केला. तो जायच्या आत ऋताचा फोन आला. "बाबा, नाही म्हणू नकोस," ती म्हणाली. "त्यांनी त्या झाडावर आजवर कुणालाच बोलावलेलं नाही. नेथनच्या दादाच्या सासऱ्यांनाही नाही. ते दहा वर्षं वाट बघतायत."

मसुदा रद्द झाला. दुसऱ्या व्याह्याला दहा वर्षं न मिळालेला मान आपल्याला पहिल्या भेटीत मिळतो आहे, हे कळल्यावर माणूस झाडावरच काय, विजेच्या खांबावरही बसेल.

प्रश्न कपड्यांचा होता. वॉल्टर यांनी त्यावर दीड पानाची स्वतंत्र ईमेल पाठवली होती. उपासनींनी ती छापून घेऊन, हिरव्या शाईने महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करून फाइलला लावली. हरणाला दिसू नये, ऐकू येऊ नये आणि वास येऊ नये, असे कपडे हवेत. यात वास सर्वांत महत्त्वाचा. कापड चमकणारं नको, घासल्यावर वाजणारं तर मुळीच नको. बाह्या हाताला घट्ट हव्यात, नाहीतर धनुष्याची दोरी सुटताना बाही ओढून नेते. थंडी शून्याच्या खाली पाच-सात, आणि वर चार तास हलायचं नाही, म्हणून थरावर थर. अगदी आतला थर सुती नको, सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि माणूस गारठून मरतो. उपासनींनी बत्तीस वर्षांच्या नोकरीत पांढऱ्या सुती गंजीफ्रॉकशिवाय काही आत घातलेलं नाही. ही ओळ त्यांना व्यक्तिगत वाटली.

शेवटी असंही होतं की त्या आठवड्यात बंदूकवालेही रानात फिरतात, त्यामुळे सगळ्यांत वर भडक नारिंगी टोपी आणि जाकीट घालणं कायद्याने सक्तीचं. म्हणजे दिसायचं नाही आणि लांबून दिसायचंही. कुणाही माणसाला यात विसंगती वाटली असती. उपासनींना वाटली नाही. बँकेच्या परिपत्रकात परिच्छेद चार आणि परिच्छेद सात यांचं नातं नेहमी असंच असतं आणि अंमल दोन्हींचा करायचा असतो. (हरणाला नारिंगी रंग दिसत नाही, हे ऋताने नंतर सांगितलं. तेव्हा त्यांना परिपत्रकाबद्दल थोडा आदर वाटला.)

खाली एक ताजा कलम होता. तुम्हाला त्रास नको, माझा जुना एक जोड देतो, बाह्या दुमडून घ्या.

ही ओळ वाचून उपासनींच्या पत्नी वृंदाबाईंनी हातातलं निवडायचं ताट खाली ठेवलं. "अहो, व्याह्यांच्या अंगावरचे उतरलेले कपडे घालून तुम्ही झाडावर बसणार? साखरपुड्याच्या आधी? तो आहेर समजायचा की काय समजायचं?" नवीन जोड तिकडे घेऊन देते असं ऋता म्हणाली. पण मुलीकडून घेणं त्याहून वाईट. कपडे इथेच, स्वतःचे, शिवून न्यायचे असं ठरलं.

आधी रीतसर मार्ग बघितला. उपासनींचे एक परिचित, लेफ्टनंट कर्नल अजेय निंबाळकर, फोर्ट विल्यमला असतात. गणपतीत महाराष्ट्र मंडळात दोघांची आरतीला शेजारी जागा असते. लष्करी कापड कुठे मिळेल असं उपासनींनी त्यांना विचारलं. कर्नलांनी चहा खाली ठेवून विचारलं की कुणासाठी. मग सांगितलं, "उपासनीसाहेब, ती नक्षी तुम्ही घातलीत तर हरणाच्या आधी पोलीस तुम्हाला बघतील. आमच्यासारखं दिसेल असं काहीही शिवू नका. चेक्सचा शर्ट घाला."

चेक्सचा शर्ट घालून रानात जायला उपासनी शाळेच्या सहलीला चालले नव्हते.

बँकेकडून परदेशप्रवासाची परवानगी लागते. त्या अर्जात प्रयोजनाचा रकाना असतो. उपासनी खोटं लिहीत नाहीत. त्यांनी "कन्येचा साखरपुडा व व्याह्यांसमवेत शिकार (प्रेक्षक म्हणून)" असं लिहिलं. अर्ज सहा दिवसांनी परत आला. आपल्या मालकीची शस्त्रं आहेत काय, असल्यास वार्षिक मालमत्ता विवरणपत्रात ती का दाखवलेली नाहीत, याचा खुलासा मागितला होता. खुलाशात त्यांनी विळीचा उल्लेख करावा की नाही यावर दोन संध्याकाळी गेल्या. केला नाही. रुखरुख राहिली.

कापडाचा शोध शेवटी समोरच्या दारात लागला. बागचींच्या घरी विजयादशमीची संदेश मिठाई (इथे ती दिवाळीपर्यंत चालते) खायला गेले असताना उपासनींना त्यांची मांजर दिसेना. ती दिवाणखान्यातच, नव्या पडद्यासमोर, खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली होती. पडदा दुर्गापूजेआधी बागचींच्या पत्नी मीनाक्षी यांनी हातीबागानच्या एका दुकानातून घेतलेला. जाड, मऊ, न वाजणारं कापड, त्यावर दाट फर्न आणि फर्नमध्ये अधूनमधून एक पोपट. मांजरीने शेपटी हलवली तेव्हाच ती दिसली. उपासनींनी संदेश हातात तसाच धरून पडद्याला दोन बोटांनी चोळून, कान लावून बघितलं. दुसऱ्या दिवशी हातीबागानच्या त्याच दुकानात त्या ठाणातलं शेवटचं कापड त्यांनी उचललं.

स्टेशनजवळच्या शिंपी मास्टरांनी मापं घेतली. बाह्या घट्ट कशाला, हे त्यांना तीनदा समजावावं लागलं. पडद्याच्या कापडाची विजार कशाला, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. चाळीस वर्षं धंद्यात असलेल्या माणसाचा हा मोठेपणा.

सौरभदांचा सल्ला पहिल्या दिवसापासून एकच होता, मंकी कॅप. कलकत्त्यात पारा तेवीसवर आला की माणसं कान झाकतात. थंडी अंगाला लागते ती कानातून आणि एकदा लागली की फेब्रुवारीपर्यंत जात नाही, हा इथला सर्वमान्य सिद्धान्त आहे. "दत्तदा, बाकी काहीही घाला, कान झाका," असं म्हणून त्यांनी स्वतःची तपकिरी टोपी आणून दिली. मफलरही दिला, गळ्याला दोन वेढे देऊन दाखवला. उपासनींनी हे सल्ले सौजन्यापोटी घेतले.

कपडे शिवून आले. उपासनींनी ते घालून ऋताला व्हिडिओवर दाखवले. "बाबा, छान आहे," ती म्हणाली. "पण इथे आता झाडावर एकही पान उरलेलं नाही. सगळं तपकिरी झालंय."

तेव्हा वृंदाबाईंनी जोड मोठ्या पातेल्यात चहाच्या पाण्यात उकळला. बागचींकडून आठवड्याची चहापत्ती मागवून घेतली होती, दार्जिलिंगची. रंग उत्तम उतरला, फर्न वाळल्यासारखे झाले, पोपट मात्र हिरवेच राहिले. इतपत काम उपासनींच्या देखरेखीखाली झालं. पुढचं ते ऑफिसात असताना झालं आणि त्यात वृंदाबाईंचा दोष धरता येत नाही, कारण घरात कुठलाही नवा कपडा आला की त्याचं जे होतं तेच त्यांनी केलं. चहाचा वास जावा म्हणून सुवासिक पावडरीत धुतला. हलकी खळ दिली. कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावून देवापुढे ठेवला, उदबत्ती फिरवली. मग डांबराच्या गोळ्यांसकट कपाटात लावला.

संध्याकाळी कपाट उघडल्यावर उपासनी खुर्चीत बसले. "वृंदा, याला वास नको होता."

"म्हणूनच धुतला," वृंदाबाई म्हणाल्या. "आणि कुंकू न लावता नवा कपडा घालून तुम्ही झाडावर चढणार? तेही परक्या मुलखात?"

दोन दिवस जोड गच्चीवर वाळत घातला. मग चाचण्या सुरू झाल्या. वासाची चाचणी गल्लीतल्या कुत्र्यांवर झाली. चार वर्षं जी कुत्री उपासनींकडे मान वर करून बघत नव्हती ती पाचही उठून त्यांच्यामागे फाटकापर्यंत आली. एकाने विजार हुंगून शिंक दिली. आवाजाच्या चाचणीसाठी मीनाक्षीदी बसल्या. त्या गाणं शिकवतात, तंबोऱ्याची एक तार किंचित उतरली तरी त्यांना पुढचं काही ऐकू येत नाही. त्या डोळे मिटून बसल्या आणि उपासनी त्यांच्या मागून चालत गेले. कापड वाजत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला, आणि थोडं थांबून, कट्‌कट्‌ आवाज येतोय तो डाव्या गुडघ्याचा आहे, असं सौम्यपणे सांगितलं. गुडघ्याला चहाच्या पाण्यात उकळता येत नव्हतं.

राहिली दृष्टीची चाचणी. ती त्या रविवारी झाली.

उपासनींनी ती नीट आखली होती. सहा वाजून दहा मिनिटांनी, बाग रिकामी असताना, ते आतल्या लोकरीपासून वरच्या नारिंगी टोपीपर्यंत सगळा जामानिमा करून कामिनीच्या झुडपात उभे राहिले. नारिंगी जाकीट मिळालं नव्हतं, ते तिकडे गेल्यावर घ्यायचं होतं. फिरायला येणारे त्या वाटेने जातात. किती जणांच्या नजरेला पडतो ते मोजायचं, असा बेत होता. बाहेर तेवीस अंश होते, आत अंदाजे एक्केचाळीस. पहिल्या बावीस मिनिटांत सव्वीस माणसं, एक दूधवाला आणि दोन कुत्री समोरून गेली. कुत्री थांबली. माणसांपैकी एकानेही बघितलं नाही. उपासनींना आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही न दिसता, अतिशय महत्त्वाचं असल्यासारखं वाटलं.

मग सौरभदा आणि त्यांचे तिघे मित्र समोरच्या बाकावर येऊन बसले. अंतर सहा फूट. आणि बोलणं लगेच उपासनींवर आलं. एकाने सांगितलं की चीफ मॅनेजर पडद्याची विजार घालून गच्चीवर बसतो. दुसऱ्याने चहापत्तीची हकीकत सांगितली. तिसरा म्हणाला की अमेरिकेतलं हरीण हा माणूस बघून हसून मरेल, बाण लागणारच नाही. चौघांपैकी तिघे पोट धरून हसले. झुडपातल्या माणसाने मुठी आवळल्या. बाही कुठे घासली नाही की पान हललं नाही, बाह्या घट्ट असल्याचा फायदा त्याला कळला.

"हसू नका," सौरभदा म्हणाले. "आमची मुलगी टोरंटोला गेली तेव्हा मी सहा महिने तिथल्या तापमानाचे तक्ते काढत होतो. रोज. तिला एकदाही दाखवले नाहीत. मुलगी इतक्या लांब जाते तेव्हा बापाला हाताला काहीतरी काम लागतं. मला तक्ते लागले, याला कपडे लागलेत. मी तरी त्याला काय सांगणार? मंकी कॅप घाल म्हटलं."

यानंतर शिंक आली. ती डांबराच्या गोळीची होती, असं उपासनींचं म्हणणं आहे. वृंदाबाईंचं मत वेगळं आहे, पण त्यांनी ते बोलून दाखवलेलं नाही.

ठाण्यात गोष्टी रीतीने झाल्या. फौजदार सभ्य होते, त्यांनी चहा दिला, आणि चहाचा वास नेमका कुठून येतो आहे हे त्यांना कळेना म्हणून दुसरा कप मागवला. पण फोन नोंदवहीत चढला होता आणि फोनवर "जंगलात घालतात तसले कपडे" असे शब्द होते. तेव्हा हे कपडे लष्करी आहेत का, याचा निकाल लागेपर्यंत ते ठेवून घ्यावे लागले. जप्तीची यादी झाली. फर्न व पोपट छापील सदरा एक, तशीच विजार एक, कुंकवाचा डाग असलेली. कुंकवाच्या डागाबद्दल वेगळी चौकशी झाली आणि त्यात पाऊण तास गेला.

सौरभदा रिक्षाने मागोमाग आलेच होते, येताना त्यांनी घरून लुंगी आणली होती. ती नेसून, आतल्या लोकरी सदऱ्यावर मफलर घेऊन चीफ मॅनेजर उपासनी सकाळी साडेदहाला घरी परतले. वाटेत बँकेचे दोन खातेदार भेटले. दोघांनीही नमस्कार केला, हे त्यातल्या त्यात वाईट. रिक्षात दोघे शेजारी बसले होते, पण बाकावरच्या बोलण्याचा विषय कुणीच काढला नाही. सौरभदांनी एकदा मफलरचा सुटलेला वेढा नीट केला, तेवढंच.

सोमवारी कर्नल निंबाळकर साध्या कपड्यांत ठाण्यात गेले. त्यांनी जोड उलटून पालटून पाहिला आणि गंभीरपणे सांगितलं की भारतीय सैन्यात ते सव्वीस वर्षं आहेत, एवढ्या वर्षांत कुठल्याही तुकडीच्या गणवेशावर पोपट पाहिल्याचं त्यांना आठवत नाही. फौजदारांना ते पटलं. मात्र हे लेखी हवं होतं, आणि कर्नल म्हणाले की पोपटाबद्दल लेखी देण्याचा अधिकार त्यांच्या पातळीवर नाही. कपडे सोडवायला आता कोर्टात अर्ज करावा लागेल. विमान पंधरा नोव्हेंबरचं आहे.

हे सगळं ऋताला कळू द्यायचं नाही असं ठरलं होतं. वृंदाबाईंनी ते तिला त्याच दिवशी सांगितलं, ऋताने नेथनला सांगितलं, नेथनने वडिलांना. मंगळवारी सकाळी वॉल्टर यांची ईमेल आली. उपासनींनी ती उघडण्याआधी तोंड धुतलं, चष्मा पुसला आणि दार लावून घेतलं.

ईमेल चार ओळींची होती. कलकत्त्याच्या भर वस्तीत तुम्ही बावीस मिनिटं उभे राहिलात आणि सव्वीस माणसांना दिसला नाहीत, असं नेथन म्हणतो. मी चाळीस वर्षांत असले कपडे पाहिले नाहीत. तुमच्या शिंप्याकडून माझ्यासाठीही एक जोड शिवून आणाल का? छाती पन्नास इंच, बाह्या घट्ट.

वृंदाबाईंनी ती दोनदा वाचून घेतली आणि म्हणाल्या, "हा आहेर. हा बरोबर आहे." मग त्या मास्टरांना फोन करायला उठल्या.

आता जोड दोन शिवायचे होते. मास्टर तयार होते, पण कापड नव्हतं. हातीबागानच्या दुकानदाराने ते ठाण संपल्याचं आणि पुढच्या पूजेआधी तसलं येणार नसल्याचं सांगितलं. उपासनींनी चेक्सच्या शर्टाचा विचार सुरू केला. आणि सौरभदांना ही हकीकत जिन्यात, जाता जाता, सहज म्हणून सांगितली.

बुधवारी संध्याकाळी साडेपाच वाजताची स्थिती अशी आहे. पहिला जोड ठाण्याच्या लोखंडी कपाटात आहे. परवानगीच्या अर्जावर बँकेने दुसरा खुलासा मागवला आहे. मास्टरांचं मशीन दुपारपासून चालू आहे आणि मंकी कॅप दोन झाल्या आहेत. आणि समोरच्या फ्लॅटच्या दिवाणखान्याला पडदे नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली मांजर खालून, रस्त्यावरून, अगदी स्पष्ट दिसते.